दोबानजियांग पहिल्यांदा घरी आणलंय? आधी तेल लाल होऊ द्या

पाकीट फोडलं, बोट बुडवून चाखलं, "अगंबाई हे तर नुसतं खारट आहे" म्हणून फ्रिजच्या मागच्या कप्प्यात ढकललं आणि सहा महिन्यांनी फेकून दिलं. दोबानजियांग, म्हणजे चीनचं आंबवलेलं मिरचीचं वाटण, त्याच्या बाबतीत बऱ्याच जणांचं हे असंच होतं आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं, कारण वस्तू इतकी सुंदर आहे आणि चूक फक्त एवढीच होते की आपण तिला चटणी समजतो. ही ताटात वाढून घ्यायची चटणी नाहीये, ही फोडणीत जाणारी गोष्ट आहे. कच्चा गोडा मसाला चमचाभर तोंडात टाकून कोणी त्याची चव ठरवत नाही ना, तसंच हेही. एवढं डोक्यात बसलं की अर्धं काम झालं, बाकी सगळं खाली सविस्तर लिहिते.

आधी हे आहे काय ते बघू. चिनीत 'दो' म्हणजे शेंगेतला दाणा, कडधान्य, 'बान' म्हणजे पाकळी (भिजवलेल्या दाण्याचं साल काढलं की दोन पाकळ्या होतात ना, ती) आणि 'जियांग' म्हणजे आंबवलेलं दाट वाटण. तिकडची माणसं बोलताना नुसतं 'दोबान' म्हणतात, मीही इथे तेच लिहीन. यातले दाणे सोयाबीनचे नसतात, ब्रॉड बीन्सचे असतात, ज्याला हिंदीत बाकला म्हणतात, आणि आपले वाल म्हणजे ते नव्हेत, ते वेगळं कडधान्य. बाकी सामान मोजून तीन: लाल मिरची, मीठ आणि थोडं गव्हाचं पीठ. बस. चांगल्या पारंपरिक दोबानमध्ये लसूण नसतो, गरम मसाला नसतो, तेलसुद्धा नसतं. जो काही वास आणि चव येते ती सगळी आंबवण्यातून आणि वेळातून येते.

सगळ्यात नावाजलेला दोबान पीश्यानचा. सिचुआन प्रांताची राजधानी छंगदू, तिच्या वायव्येला लागून हा भाग आहे, आता कागदोपत्री त्याचं नाव पीदू झालंय आणि तो छंगदू शहराचाच एक जिल्हा आहे, पण पाकिटावर नाव जुनंच चालतं. तिथे दाणे सोलून, गरम पाण्यातून काढून, पिठात घोळवून त्यांच्यावर मुद्दाम बुरशी धरवतात (सोया सॉससाठी धरवतात त्याच जातीची), मग ते मिठाच्या पाण्यात काही महिने मुरतात. दुसरीकडे अरचिंगत्याव नावाची लांब, पातळ, फार जहाल नसलेली मिरची उन्हाळ्यात तोडून मीठ लावून ठेवतात. दोन्ही एकत्र झाले की मोठमोठ्या मातीच्या रांजणांत अंगणात ठेवायचं, दिवसा झाकण काढून ऊन दाखवायचं, रोज ढवळायचं, रात्री दव पडू द्यायचं आणि पाऊस आला की झाकायचं. त्यात सिचुआनचं हवामान इतकं ढगाळ की तिथे ऊन पडलं तर कुत्री भुंकतात अशी जुनी म्हण आहे, म्हणजे उन्हाची किती किंमत असेल बघा. वर्षभर तरी हे चालतं, जास्त मुरवलेला तीन वर्षांचा आणि त्याहूनही जुना मिळतो. ज्यांच्या घरी गच्चीवर लोणच्याच्या बरण्या उन्हात ठेवल्या जायच्या त्यांना यातलं काहीच परकं वाटणार नाही. २००८ मध्ये चीनने ही बनवायची पद्धत राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. सिचुआनी लोक दोबानला आपल्या स्वयंपाकाचा आत्मा म्हणतात.

आणि मिरची तिकडचीही मूळची नाही बरं का. जशी पोर्तुगीजांबरोबर गोव्याला उतरून ती आपल्याकडे आली, तशीच अमेरिकेहून जहाजांतून साधारण सोळाव्या शतकाच्या अखेरीस चीनच्या किनाऱ्यावर पोचली, आणि सिचुआनच्या स्वयंपाकात तर अजून बऱ्याच उशिरा रुळली.

आता खरेदी. भारतात मोठ्या शहरातल्या इम्पोर्टेड सामानाच्या दुकानांत किंवा ऑनलाइन मिळतं, परदेशात राहत असाल तर कुठल्याही चिनी किराणा दुकानात. लेबलवर इंग्रजीत 'ब्रॉड बीन पेस्ट', 'चिली बीन सॉस', 'तोबान जान' असं काहीही लिहिलेलं असतं, त्यामुळे नावावर जाऊ नका, पाकीट उलटं करा आणि घटक वाचा. मिरची, ब्रॉड बीन्स, मीठ, गव्हाचं पीठ, एवढंच असेल तर डोळे झाकून घ्या. साखर, लसूण, व्हिनेगर, स्टार्च अशी लांब यादी असेल तर तो तयार सॉस आहे, वाईट नाही, काचेच्या बाटलीत येणारे बरेचसे असे असतात, पण त्याची चव हलकी असते आणि मुरलेपण कमी. 'लाल तेलाचा दोबान' म्हणून एक प्रकार येतो, त्यात आधीच तेल असतं, रंग छान उजळ असतो आणि नवशिक्याला सोपा पडतो. तीन वर्षांचा जुना असेल तर तो काळपट तपकिरी दिसेल, खराब झालाय असं समजू नका, उलट त्याला वास जास्त असतो, फक्त रंग कमी देतो. माझं मत विचाराल तर पहिल्यांदा वर्षभर मुरलेला साधा पीश्यान दोबान घ्या, छोटं पाकीट, कारण एका भाजीला दीडदोन टेबलस्पूनच लागतात.

घरी आणल्यावर पहिलं काम म्हणजे चिरणं. हो, चिरणंच. पाकिटात मिरचीचे अर्धा-पाऊण इंचाचे तुकडे आणि अख्ख्या पाकळ्या असतात, तसंच कढईत टाकलं तर बाहेरून करपतं आणि आतला रस बाहेर येतच नाही, मग खाताना मधेच एक खारट दाणा दाताखाली येतो. लागेल तेवढं पाटावर काढून सुरीने बारीक करा, मिक्सरमध्ये गुळगुळीत पेस्ट करू नका, थोडं भरड राहू दे. एकदम सगळं पाकीट चिरून काचेच्या बरणीत भरून ठेवलं तरी चालतं, मी तसंच करते. वरून अर्धा सेंटिमीटर तेलाचा थर, झाकण घट्ट, फ्रिजमध्ये. लोणच्याचा नियम इथे जसाच्या तसा: ओला चमचा घालायचा नाही. असं ठेवलं तर महिनोन्महिने टिकतं, हळूहळू रंग गडद होत जातो, ते ठीक आहे.

आता मुख्य गोष्ट, ज्यासाठी हा सगळा लेख लिहायला घेतला.

मी नोकरीसाठी शांघायला होते तेव्हा समोरच्या फ्लॅटमध्ये छंगदूच्या एक बाई राहायच्या. तिकडे मोठ्या बायकांना 'आयी' म्हणतात, त्याचा मूळ अर्थ आईची बहीण, म्हणजे थेट आपली मावशीच की. एकदा मी दोबान घालून बटाट्याची भाजी केली आणि त्यांना वाटीभर नेऊन दिली, त्यांनी एक घास खाल्ला आणि काही न बोलता मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. कढईत तेल तापवलं, गॅस एकदम बारीक केला, चिरलेला दोबान घातला. पहिल्यांदा पांढरट फेस आला, चुर्र चुर्र आवाज, वास आंबूस आणि जरासा ओला. मला वाटलं झालं, मी पाणी उचललं, तर त्यांनी माझा हात धरला. मग बराच वेळ नुसतं उलथनं फिरत राहिलं, फेस कमी झाला, आवाज बारीक झाला, आणि त्यांनी कढई एका बाजूला कलती केली तर खालून केशरी-लाल तेलाचा ओहोळ निघाला, स्वच्छ, चकचकीत. त्यांनी त्या तेलाकडे बोट दाखवलं आणि म्हणाल्या, आता. बस, तेवढंच शिकवलं.

आपल्याकडे हे सांगायला शब्द तयार आहे, 'तेल सुटेपर्यंत परतायचं'. मिसळीच्या कटावर जी तर्री येते तीच ही. मिरचीचा रंग आणि दोबानचा वास दोन्ही तेलात उतरतात, पाण्यात नाही, त्यामुळे आधी पाणी पडलं तर भाजी फिकी आणि कच्चट लागते, मग कितीही दोबान घाला.

तर क्रम असा. तीन टेबलस्पून तेल (सिचुआनमध्ये भाजक्या सरसूचं तेल वापरतात, आपल्या शेंगदाणा तेलात फार छान होतं, मला तर तेच आवडतं), तेल तापलं की गॅस बारीक, मग दोन टेबलस्पून चिरलेला दोबान, दोन ते तीन मिनिटं सतत हलवत परता. आलं-लसूण त्याच्यानंतर, आधी नाही, कारण आपण सवयीने लसूण आधी घालतो आणि दोबानला तेल सुटेपर्यंत लसूण जळून जातो. तेल लाल झालं, वास आंबूस न राहता खमंग झाला, की आलं-लसूण अर्धा मिनिट, मग भाजी किंवा पाणी. गॅस मोठा ठेवला तर मिरचीचे तुकडे काळे पडतात आणि कडू होतात, तसं झालं तर सरळ टाकून द्या आणि परत करा, कडवटपणा साखरेने झाकत नाही.

मिठाचं काय? घालू नका. साधारण १५ ते २० टक्के मीठच असतं दोबानमध्ये, म्हणजे दोन टेबलस्पूनमध्ये चहाच्या चमचाभर मीठ आलंच असं धरून चाला, त्यात सोया सॉस पडणार तो वेगळा. शेवटी चव बघा आणि लागलं तरच चिमूटभर. चार माणसांच्या भाजीला दीड ते दोन टेबलस्पून हे प्रमाण सुरुवातीला धरा, पाकिटागणिक खारटपणा बदलतो म्हणून पहिल्या वेळी दीडच घ्या.

पहिला पदार्थ कुठला करावा? मापो तोफू. दुसरा विचारच करू नका, कारण दोबान काय करू शकतो ते यात सगळ्यात स्वच्छ कळतं. 'मापो'मधलं 'मा' म्हणजे चेहऱ्यावरचे देवीचे व्रण आणि 'पो' म्हणजे म्हातारी बाई. छंगदूला एका पुलाजवळ १८६२ च्या सुमारास छन आडनावाच्या कुटुंबाची खानावळ होती, तिथे मालकाची बायको हे करायची आणि तिच्यावरून हे नाव पडलं असं सांगतात. बिचारीचं खरं नाव मागे पडलं, पण पदार्थ सगळ्या जगात गेला.

४०० ग्रॅम मऊ तोफू घ्या. आपल्याकडे बऱ्याचदा पनीरसारखा घट्ट तोफू मिळतो, तो चालेल पण मजा मऊ मध्ये आहे, आणि पनीर मात्र इथे नको, पनीर रस्सा आत घेत नाही. तोफूचे पाऊण इंचाचे चौकोन करून मीठ घातलेल्या कढत पाण्यात दहा मिनिटं ठेवा, त्याने कच्चा वास जातो आणि तुकडे कढईत फुटत नाहीत. मूळ पदार्थात बीफचा खिमा असतो, मी मटणाचा बारीक खिमा घेते साधारण १०० ग्रॅम, शाकाहारी करायचा असेल तर मश्रूम अगदी बारीक चिरून, पाणी पूर्ण आटून कडा तपकिरी होईपर्यंत परतून घ्या, घाई केली तर चिकट लागतात. खिमाही तसाच, सुका आणि कुरकुरीत होईपर्यंत परतून बाजूला काढा.

मग वर सांगितलं तसा दोबान, दोन टेबलस्पून, लाल तेल सुटेपर्यंत. त्यात एक चमचा काळे आंबवलेले सोयाबीन म्हणजे दोउची (मिळाले तर, नसतील तर सोडून द्या), एक चमचा आलं, दोन चमचे लसूण, एक चमचा लाल तिखट. बेडगीचं तिखट इथे फार छान बसतं, रंग देतं आणि जाळ करत नाही. मग दीड कप गरम पाणी किंवा स्टॉक, चमचाभर सोया सॉस, खिमा परत आत, उकळी आली की तोफू पाण्यातून काढून हलकेच सोडा. आता ढवळायचं नाही, उलथन्याच्या पाठीने हळूच पुढे ढकलायचं. चारपाच मिनिटं बारीक गॅसवर. एक टेबलस्पून कॉर्नफ्लोर तीन टेबलस्पून पाण्यात कालवून ते तीन वेळा थोडं थोडं घाला, प्रत्येक वेळी अर्धा मिनिट थांबा, एकदम ओतलं तर तोफूचं पाणी नंतर सुटतं आणि रस्सा पातळ होतो. शेवटी ओल्या लसणाची पात इंचभर चिरून. थंडीत मंडईत ओला लसूण येतो ना, तोच, सिचुआनमध्येही तीच पात घालतात. बाकीच्या वेळी कांद्याची पात घ्या.

आणि वरून ह्वाज्याव, म्हणजे सिचुआनची मिरी, ज्याने जिभेला मुंग्या येतात. ही मिळाली तर कोरडी भाजून, काळ्या बिया काढून, पूड करून चाळून घाला, अर्धा चमचा. नाही मिळाली तर कोकणातल्या किंवा गोव्यातल्या माणसाने अजिबात काळजी करू नये, कारण आपलं तिरफळ (गोव्यात तेफळ) त्याच कुळातलं आहे, बांगड्याच्या तिखल्यात घालतो ते. बी काढून टाका, फक्त वरचं साल घ्या, भाजून पूड करा आणि पाव चमच्यापासून सुरुवात करा, कारण त्याचा वास वेगळा आणि जास्त उग्र असतो. ह्वाज्याव जरा लिंबाच्या सालीसारखी, फुलासारखी वासाला, तिरफळ त्यापेक्षा रानटी. हुबेहूब होत नाही पण मुंग्या मात्र नक्की येतात. मी दोन्ही करून बघितलंय आणि तिरफळाचा मापो तोफू गरम भाताबरोबर मला मनापासून आवडतो.

दुसरा पदार्थ वांग्याचा, हा आपल्या घरात सगळ्यांना आवडेल कारण वांगं, लसूण आणि आंबट-गोड. नाव यूश्यांग, म्हणजे 'माशाच्या वासाचं', आणि त्यात मासा बिलकुल नसतो, सिचुआनमध्ये माशाला जो मसाला लावतात तो याला, म्हणून ते नाव. खरं तर पारंपरिक कृतीत मिठात मुरवलेली लाल मिरची असते, पण घरोघरी दोबान घालतातच. लांब जांभळी वांगी ४०० ग्रॅम, बोटाएवढे तुकडे, मीठ लावून पंधरा मिनिटं, मग पिळून घ्या (त्याने तेल कमी पितात), थोड्या जास्त तेलात मऊ होईपर्यंत परतून बाजूला काढा. वांग्याला मीठ लागलंय म्हणून दोबान इथे एक टेबलस्पूनच घ्या, तेल सुटलं की आलं एक चमचा, लसूण दोन चमचे. वाटीत आधीच कालवून ठेवा: साखर दोन चमचे, काळं चिनी व्हिनेगर दोन चमचे (साधं पांढरं असेल तर दीड), सोया सॉस एक चमचा, कॉर्नफ्लोर एक चमचा, पाणी चार टेबलस्पून. वांगी घाला, वाटीतलं ओता, एक उकळी, वर पात. पोळीबरोबरही जातं.

बाकीचं भराभर सांगते. पोर्क खाणाऱ्यांनी ह्वेग्वोरो करून बघाच, पोटाकडचं पोर्क आधी आल्याच्या पाण्यात अख्खं उकडून, गार करून, पातळ काप करून कढईत चरबी सुटून काप वाटीसारखे वळेपर्यंत परतायचे, मग त्याच चरबीत दोबान, किंचित गोड सॉस आणि लसणाची पात. 'परत कढईत गेलेलं मांस' असाच नावाचा अर्थ आहे. पनीर वापरायचं असेल तर जाड त्रिकोण तळून दोबान, सिमला मिरची, पात घालून परता, तिकडे तळलेल्या तोफूचं असं घरगुती करतात आणि तिथे पनीर व्यवस्थित चालतं. कोबी, फरसबी, बटाट्याचे पातळ काप यांना एक टेबलस्पून दोबान पुरे. नूडल्सच्या सूपलाही आधी लाल तेल काढून त्यावर पाणी ओतायचं. मसूर-राजम्याच्या आमटीत घालणारे लोक पण मी बघितलेत, मला स्वतःला ते पटलं नाही, हळद-जिऱ्याशी दोबानचं जमत नाही.

एक गैरसमज मात्र दूर करते. बाटलीतली शेजवान चटणी म्हणजे दोबान नाही. नाव सिचुआनवरूनच आलंय, पण ती आपल्याकडची वस्तू, सुकी लाल मिरची, भरपूर लसूण, व्हिनेगर, तेल. शेजवान डोशावर ती हवीच, पण तिच्यात आंबवलेला दाणा नाही म्हणून मापो तोफूत तिला बदली म्हणून घालू नका. कोरियाचं गोचुजांगही नाही, ते तांदळाचं आणि गोडसर असतं. काहीच मिळत नसेल तर जपानी मिसो आणि लाल तिखट एकत्र तेलात परतून वेळ मारून नेता येते, पण ती वेळ मारून नेणंच.

कोणी खाऊ नये तेही सांगायला हवं. ज्यांना जी-सिक्स-पीडी नावाच्या एन्झाइमची कमतरता आहे त्यांना ब्रॉड बीन्सने रक्तातल्या लाल पेशी फुटण्याचा धोका असतो, त्यांनी दोबान टाळावा, आणि पाहुण्यांना वाढताना यात ब्रॉड बीन्स आहेत एवढं आधी सांगावं. गव्हाचं पीठ असतं म्हणून ग्लूटेन चालत नाही त्यांनीही नको. बीपी असेल तर प्रमाण अर्ध्यावर आणा आणि सोया सॉस पूर्ण काढा.

बरणी संपत आली की तळाला आणि काचेला जे चिकटून राहतं ते धुऊन टाकू नका. त्यात दोन चमचे गरम तेल ओता, झाकण लावून हलवा, आणि ते लाल तेल उकडलेल्या नूडल्सवर, थोडी पात आणि चार थेंब व्हिनेगर घालून कालवा. आयीकडे नवीन बरणी उघडायच्या आदल्या रात्रीचं जेवण नेहमी हेच असायचं.